धारभाऊंचं माप

नमस्कार नाही, रामराम नाही, "कसं काय" नाही. माणूस भेटला की धारभाऊंचा पहिला प्रश्न ठरलेला, "धार कशी हाय?" फोनवर सिरोंच्याचा ऑपरेटर असो, ऑफिसात चहा आणणारा असो, नाहीतर त्यांच्याच छातीला नळी लावून ऐकणारा डॉक्टर असो. डॉक्टर म्हणे गोंधळून म्हणाला होता, "कसली धार?" तर भाऊ म्हणाले, "रक्ताची जी. दुसरी कायची?" त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. आम्हा सगळ्यांसाठी ते धारभाऊ.

दोन हजार सालानंतरची, मोबाईल अजून मोजक्याच खिशांत होता तेव्हाची ही गोष्ट. आमची कंपनी तालुक्यांच्या ठिकाणच्या कार्यालयांना कॉम्प्युटरची लाईन पुरवायची. पोंभुर्णा, वडसा, अहेरी, सिरोंचा अशा गावी एकेक सर्व्हर ठेवलेला आणि तो सांभाळायला एकेक ऑपरेटर. त्या दूरदूरच्या सर्व्हरांवरून किती माहिती येते-जाते, कुठली लाईन भरली, कुठली रिकामी, हे आम्ही चंद्रपूरच्या एका खोलीत बसून पडद्यावर बघायचो. प्रत्येक गावाची एक हिरवी रेघ. वापर वाढला की रेघ चढायची, थांबला की उतरायची. लाईन आजच्या मानानं अगदीच बारीक होती. एकानं जड फाईल ओढायला घेतली की बाकीच्यांचं काम ठप्प, आणि मग सगळ्यांचे फोन भाऊंना.

भाऊ पोंभुर्ण्याकडच्या एका गावचे, ढिवराच्या घरातले. वडील गावच्या तलावात मासे धरायचे आणि धानाच्या दिवसांत शेतांना पाणी सोडायचं कामही त्यांच्याकडेच होतं. तलावातून पाणी सोडायच्या दाराला आमच्याकडे तुडूम म्हणतात. मी नोकरीला लागले त्या दिवशी भाऊंनी मला पडद्यासमोर बसवलं. "हे पाह्य, चंद्रपूर म्हंजे तलाव. ह्या लाईनी म्हंजे पाट. अन् थे तालुके म्हंजे धानाच्या बांध्या. वरच्यानं पानी अडोलं का खालच्याचा धान वाळला. आपलं काम का, तं पाह्यत बसनं. समजलं? मंग झाला तुहा कोर्स." माझ्या डिप्लोमाच्या पुस्तकात याला बॅण्डविड्थ म्हणत. भाऊंच्या तोंडी तो शब्द आला की ऑफिसात कोणीतरी साहेब आलेले आहेत असं खुशाल समजावं.

माझे बाबा आणि भाऊ एका गावचे, एकाच तलावात डुंबून मोठे झालेले. बाबा भद्रावतीला एका गोदामावर कामाला लागले, भाऊ चंद्रपूरला आले, पण सणावाराला येणं-जाणं कधी तुटलं नाही. मी शिकले, पण पोरीनं रोज बसनं चंद्रपूरला जायचं म्हटल्यावर बाबांचा पाय अडखळला. तेव्हा भाऊ घरी आले, बाजेवर मांडी ठोकून बसले आणि म्हणाले, "पोरगी माह्या नजरेसमोर राहीन. तुहा जीव काऊन वरखाली होते गा? तिची जिम्मेवारी माही." बाबांनी मला नोकरी करू दिली ती कंपनीच्या नव्हे, भाऊंच्या भरवशावर.

आणि भाऊंनी ती जबाबदारी जिवापाड सांभाळली, हे मला आधीच सांगून टाकायला हवं. वाळवलेल्या झिंग्यांची चटणी त्यांच्या डब्यात असली की अर्धी माझ्या डब्याच्या झाकणात यायची. एकदा मी अहेरीचा सर्व्हर भलत्याच वेळी बंद करून ठेवला आणि तिकडचं सगळं काम अडलं. फोनवरच्या शिव्या भाऊंनी स्वतःच्या अंगावर घेतल्या आणि फोन ठेवून म्हणाले, "माह्या बापानं तं एकदा अख्खी पार फोडू देल्ली होती. त्यामानानं तू बरी." पार म्हणजे तलावाचा बांध. मी रडता रडता हसले.

भाऊंचा एक नियम होता आणि त्यांचा सगळा मान त्या नियमावर उभा होता. लाईन किती वापरली जाते ते बघायचं, तिच्यातून काय जातं ते बघायचं नाही. "माहा बाप तुडमावर बसे," ते सांगायचे, "त्यानं पानी मोजलं. पन कोनाची बायको बांधीवर कोनासंगं बोलून राह्यली, हे त्यानं कधी पाह्यलं नाई. पाह्यलं असतं तं गावानं त्याले तलावावर ठेवलंच नसतं." सर्व्हरवरून जाणारी कोणाचीही टपाल, म्हणजे ईमेल, उघडणं त्यांच्या हातचा मळ होता, चाव्या सगळ्या त्यांच्याचकडे. पण तालुके निर्धास्त होते. धारभाऊ आहेत म्हणजे आपलं आपल्याजवळ आहे, असं प्रत्येक ऑपरेटर समजून चालायचा.

एकदा नागपूरहून आलेल्या साहेबांनी विचारलं, सिरोंच्याची लाईन एवढी का भरते, तिकडे कोण काय बघतं, जरा उघडून सांगा. भाऊंनी हात जोडले. "साहेब, किती गेलं ते सांगतो. काय गेलं ते माह्या डोळ्यायले दिसत नाई."

"दिसत नाही की बघत नाही?"

"दोन्ही एकच हाय जी."

साहेब गेल्यावर त्यांनी सिरोंच्याला फोन लावला. "धार कशी हाय? जास्तच हाय म्हंता? मंग ज्यानं तुडूम उघडं ठेवलं असन त्यानं बंद करा गा. नाव नाई पुसत मी." पलीकडे कोणीतरी खो खो हसलं आणि थोड्या वेळानं आमच्या पडद्यावरची रेघ गुमान खाली आली. मला वाटलं, माणूस असावा तर असा. विशीतली पोरगी मी, त्या वयात माणसाला देव्हाऱ्यात बसवायला कितीसा वेळ लागतो?

त्यांचं दुसरं वेड नाटकाचं. धान निघाला, थंडी पडली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडप पडतात आणि वडशाच्या नाटक कंपन्या फिरायला निघतात. भाऊ नाटक बघताना ओक्साबोक्शी रडायचे. ज्यात रडू आलं नाही ते त्यांच्या लेखी नाटकच नव्हे. कोणत्या कंपनीचं कोणतं नाटक, त्यात सासू कोण करतं, दारुड्या नवरा कोण करतो, सगळं तोंडपाठ. वडशाची रेघ वर गेली की मान डोलवायचे, "बुकिंग जोरात हाय वाटते." मी चिडवायची, "काऊन भाऊ, आत काय जाते ते तं तुमाले दिसत नाई ना?" तर म्हणायचे, "पाट भरला का बेंडकायचा आवाज येतेच ना वं! तो काय कान लावून आयका लागते?"

त्या वर्षी कंपनीनं गडचिरोलीला नवं केंद्र उघडायचं ठरवलं. तिकडच्या साऱ्या तालुक्यांच्या लाईनी तिथूनच बघायच्या होत्या आणि तिथं बसायला एक माणूस हवा होता. भाऊंनी साहेबांना माझं नाव दिलं. मला ते केंद्र किती हवं होतं ते कसं सांगू? माझी खोली, माझा पडदा, माझ्या रेघा. बाबा कुरकुरले, पण पुन्हा भाऊंनीच समजावलं. दिवाळीनंतर जायचं ठरलं. मी स्टीलची नवी पेटीसुद्धा घेऊन ठेवली होती.

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत कार्यालयं थंड असत. तेवढा वेळ भाऊंनी लाईन सगळ्यांना मोकळी करून दिलेली. "या टायमाले पानी वायाच जाते. ज्याले पाह्यजे त्यानं घ्या," असं त्यांनी आपण होऊन सांगितलं होतं. त्या वेळात मी पोस्टर करायला लागले. वडशाचा आमचा ऑपरेटर सुधाकर, त्याच्या मामांची नाटक कंपनी. सुधाकर नटनट्यांचे फोटो पाठवायचा, मी ते जुळवून पोस्टर परत पाठवायची. माझं हे पहिलंच पोस्टर आणि नाटकही कोरं करकरीत, अजून कुठं जाहीर न झालेलं. नाव होतं 'घर सोडते तुझ्यासाठी'. पोस्टरच्या कोपऱ्यात माझं नाव टाकायचं मामांनी कबूल केलं होतं. ते वडशाच्या स्टेशनबाहेर लागलं की बाबांना आणि भाऊंना काही न सांगता तिथं नेऊन उभं करायचं, असा माझा बेत. म्हणून मी घरी-दारी कोणालाच बोलले नव्हते.

त्या काळी टपालात मराठी अक्षरं घातली की पलीकडे नुसते चौकोन उमटायचे. त्यामुळे आम्ही मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचो, आणि त्या घाईत नाटकाच्या नावाला अवतरणचिन्हं कोण घालतो? पोस्टर शुक्रवारी छपाईला जायचं होतं. मी सुधाकरला लिहिलं: घर सोडते तुझ्यासाठी तयार आहे. शुक्रवार पक्का ना? मामांना तू सांभाळ. माझ्या घरी अजून कोणाला माहीत नाही.

पोस्टरची फाईल जड होती. ती वाटेतच अडकली आणि सुट्टी संपली तरी वडशाची रेघ वर चिकटून राहिली. मी शेजारच्या खोलीत साहेबांचं काहीतरी काम करत होते. अडकलेली टपाल बाजूला काढणं हे आमचं रोजचंच काम, त्यासाठी ती उघडावी लागत नाही. भाऊंनी ती उघडली. पाठवणाऱ्याच्या जागी माझं नाव दिसलं म्हणूनच उघडली असणार. परक्याची असती तर त्यांनी हात लावला नसता, याची मला आजही खात्री आहे, आणि तेच मला जास्त लागतं. सोबतचं चित्र त्यांनी बघितलंच नाही. शब्द वाचले, तेवढे त्यांना पुरले, आणि टपाल त्यांनी पुढे वडशाला जाऊ दिली.

संध्याकाळी ते माझ्याबरोबर बसस्टँडपर्यंत आले. एरवी कधी येत नसत. "सारं बराबर हाय ना वं?"

"हो भाऊ."

"मले काही सांगाचं हाय काय?"

मला वाटलं, गडचिरोलीचंच काहीतरी विचारतायत. आणि पोस्टरचा बेत तर ओठांवर आला होता. म्हटलं, "सांगीन ना भाऊ. शुक्रवारनंतर सांगीन."

त्यांचा चेहरा उतरला. बस सुटली तरी ते तिथंच उभे होते आणि मी आपली खिडकीतून हात हलवतेय.

दुसऱ्या दिवशी भाऊ रजेवर होते. मी घरी पोचले तर बाबा अंगणात बाजेवर बसलेले, कामावर न गेलेले. आई दारात उभी, डोळे लाल. बाबा म्हणाले, "उद्यापासून चंद्रपूर बंद."

"काऊन बाबा?"

"भाऊ येऊन गेला." मग माझ्याकडे न बघता, "शुक्रवारी कुठी जाऊन राह्यली होती तू?"

"शुक्रवारी? कुठीच नाई."

"घर सोडते म्हून तूच लिवलं ना?"

मी हसले. खरंच हसले, मोठ्यानं, कारण मला वाटलं बाबांना नाटकाचं नाव कोणीतरी सांगितलं. आणि मग हसता हसता लक्षात आलं की मी सुधाकरला लिहिलेले शब्द आमच्या अंगणात उभे आहेत. ते चंद्रपुरातून इथपर्यंत आणायला एकच माणूस होता.

मी सांगितलं, अहो ते नाटक आहे. बाबा म्हणाले, "हसते वरून." माझ्या त्या हसण्यानं सगळंच बिघडवलं होतं. मी तशीच चौकातल्या एसटीडीवर गेले आणि भाऊंच्या घरी फोन लावला. त्यांनी उचलला, आणि मला आठवतं, त्या दिवशी त्यांनी धार विचारली नाही.

"भाऊ, तुमी माही टपाल वाचली?"

"पोरी, तुह्या बापाले मी शब्द देल्ला होता."

"ते नाटकाचं नाव हाय भाऊ. मी पोस्टर करून राह्यली होती."

मग त्यांच्या आवाजात राग आला, आणि तो खरा होता. "मले नाटक शिकोते काय वं? झाडीपट्टीत या नावाचं नाटकच नाई. मले मालूम नाई असं एक तरी नाटक हाय काय?"

झालं. नाटकातला दर्दी माणूस तो, त्याच्यासमोर माझी काय टाप? त्यांना माहीत नाही म्हणजे नाटकच नाही. सुधाकरला विचारा म्हटलं, तर म्हणाले, "त्याले पुसून गावभर बोभाटा करू? तुही इज्जत माही इज्जत हाय." आणि फोन ठेवला.

पुढच्या आठवड्यात कळलं, गडचिरोलीला दुसऱ्या कोणाला पाठवायचं ठरलं. माझं नाव भाऊंनीच दिलं होतं आणि भाऊंनीच मागं घेतलं. कारण सांगितलं, घरची अडचण. ऑफिसात त्यांनी माझ्याबद्दल वावगा शब्द काढला नाही, हे मला मागाहून पुष्कळांनी कौतुकानं सांगितलं. मी घरात बसून तांदूळ निवडत होते. नव्या पेटीत आईनं गोधड्या भरल्या. दोन ठिकाणची माणसं मला बघून गेली आणि बाबा माझ्याशी गरजेपुरतं बोलत राहिले. दुसऱ्या कोणी हे केलं असतं तर मी त्याच्या नावानं बोटं मोडून मोकळी झाले असते. पण जेवायला बसले की भाऊंच्या हातची चटणी आठवायची आणि घास उतरायचा नाही. ज्याच्यावर रागवायचं त्याचीच आठवण येते, असा हा विश्वासघात.

थंडी चांगली पडली होती तेव्हा एका सकाळी भाऊ आमच्या दारात उभे राहिले. हातात गुंडाळलेलं पोस्टर, एक कोपरा फाटलेला, मागं खळ चिकटलेली. वडशाच्या स्टेशनबाहेरच्या भिंतीवरून सोलून आणलं होतं. त्यांनी ते बाजेवर पसरलं. पदर डोळ्यांना लावलेली नटी, मागं बंद दार, वर ठसठशीत अक्षरांत नाव आणि खाली कोपऱ्यात बारीक माझं. भाऊ बाबांना म्हणाले, "गड्या, पोरगी खरं सांगत होती. मी नाटक पाहून पन आलो." आणि लहान पोरासारखे रडायला लागले. बाबांनी पोस्टरवरच्या माझ्या नावावर बोट ठेवलं, हसले, मग तेही रडले. आईनं देवापुढे दिवा लावला. आमची पोरगी चांगली निघाली म्हणून घरभर सण झाल्यासारखं.

"माही चूक झाली वं पोरी," भाऊ हात जोडून म्हणाले. "मी चुकीचं समजलो. मले माफ कर."

मला वाटलं होतं, ही वेळ आली की मी मोकळी होईन. पण सगळे आनंदात होते आणि मी नव्हते. मी विचारलं, "भाऊ, अन् नाटक नसतं तं?"

"म्हंजे?"

"मी खरंच कोनाले तसं लिवलं असतं तं?"

भाऊंनी जोडलेले हात खाली घेतले. त्यांना खोटं बोलता येत नसे, तेव्हाही आलं नाही. "मंग तं मी बराबरच केलं असतं ना वं," ते म्हणाले, अगदी मायेनं. बाबांनी मान डोलावली. मी चहा करायच्या निमित्तानं आत गेले आणि ते निघून जाईपर्यंत बाहेर आले नाही.

बाबांनी मला पुन्हा नोकरी करू दिली, पण भाऊंच्या हाताखाली मी गेले नाही. नागपूरला दुसरीकडे लागले आणि तिथंच राहिले. भाऊ दर दिवाळीला बाबांकडून माझी खबर घ्यायचे, "पोरगी अजून रागावलीच हाय काय?" काही वर्षांपूर्वी ते गेल्याचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसातच होते. पडद्यासमोरून उठले आणि जिन्यात जाऊन खूप रडले. बाबांना अजून वाटतं की एवढ्याशा गैरसमजासाठी मी त्या भल्या माणसाला शेवटपर्यंत माफ केलं नाही. माफ तर मी त्याच सकाळी केलं असतं. पण भाऊंनी माफी मागितली ती चुकीचं वाचल्याची. वाचल्याची त्यांनी कधी मागितलीच नाही.